उलट्या काळाच्या गोष्टी वाचायच्या कशा?

उलट्या काळाच्या गोष्टींशी पहिली गाठ बहुधा चुकीच्या टोकाकडून पडते. कुणीतरी 'टेनेट' हा सिनेमा लावून देतं किंवा 'टाइम्स ॲरो' ही कादंबरी हातात ठेवतं, आणि अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागतं. 'हे काही आपल्याला झेपायचं नाही' म्हणून माणूस जो बाजूला होतो तो कायमचाच. खरं म्हणजे या गोष्टींना भौतिकशास्त्र लागत नाही आणि अफाट बुद्धीही लागत नाही. आधी काय वाचायचं, मग काय, आणि वाचताना नजर कुठे ठेवायची, एवढं जमलं की बस. सोबत एक पेन्सिल आणि कोरा कागद असू द्या.

पुढे मी बऱ्याच गोष्टींचे शेवट सांगणार आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, यातल्या बहुतेक गोष्टी शेवट पहिल्याच पानावर सांगून मोकळ्या होतात.

पायरी १: नक्की काय उलटं आहे ते आधी ठरवा

सगळा गोंधळ इथेच होतो. 'उलटा काळ' या एका नावाखाली तीन वेगळे प्रकार खपवले जातात.

पहिल्या प्रकारात जग सरळच चालतं, फक्त सांगणारा शेवटचा प्रसंग आधी सांगतो आणि पहिला शेवटी. हॅरॉल्ड पिंटरचं 'बिट्रेयल' हे नाटक या प्रकारातलं. दुसऱ्या प्रकारात जगही सरळ आणि सांगणंही सरळ, पण एकाच माणसाचं आयुष्य उलटं: म्हातारा जन्मतो आणि तान्हा होऊन संपतो. बेंजामिन बटन हा त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध. टी. एच. व्हाइटच्या कादंबरीतला जादूगार मर्लिनही उलटाच जगतो, म्हणून त्याला पुढचं सगळं आठवतं. तिसऱ्या प्रकारात सगळं जगच मागे चालतं: राखेतून लाकूड होतं, थडग्यातून माणसं उठतात. पुस्तक उघडलं की पहिल्या दहा पानांत यातला कोणता प्रकार आहे ते कागदावर लिहून टाका. पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

कशाला उलटा काळ म्हणायचं नाही, तेही सांगून ठेवतो. यंत्रात बसून शिवकाळात जाऊन आलेला नायक यात येत नाही, कारण त्याच्या मनगटावरचं घड्याळ सरळच चालू असतं. फ्लॅशबॅकही नाही. ययातीने पुरूचं तारुण्य घेतलं ती अदलाबदल आहे, तिथे काळ मागे गेलेला नाही. जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा उलटेपणाचीच आहे, आणि फार छान आहे. पण तिथे उलट होतात ते डावं आणि उजवं. मोबियसच्या पट्टीची (एक पीळ देऊन टोकं जोडलेल्या पट्टीची) कल्पना घेऊन माणसाचं आरशातलं प्रतिबिंब करून टाकलं आहे, काळाला हात लावलेला नाही. आपल्याकडे वाचकांना उलटेपणाची चटक लावायला ती कथा उत्तम, हे मात्र खरं.

पायरी २: उलटं वाचायचा डोळा तयार करा

'तो कवि डालडा विकतो' आणि 'चिमा काय कामाची' हे शाळेत सगळ्यांनीच केलेलं असतं. त्याच्या पुष्कळ पुढची पायरी १६व्या शतकात दैवज्ञ सूर्यपंडितांनी गाठली. हे पार्थपूरचे, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे मानले जातात. त्यांचं 'रामकृष्णविलोमकाव्य' डावीकडून वाचलं तर रामाचं वर्णन आणि उजवीकडून वाचलं तर कृष्णाचं. पहिल्या श्लोकाची पहिली ओळ अशी:

तं भूसुतामुक्तिमुदारहासं वन्दे यतो भव्यभवं दयाश्रीः

आता शेवटच्या 'श्रीः'पासून एकेक अक्षर मागे या. विसर्ग सोडून द्या, जोडाक्षर एकच धरा. दुसरी ओळ आपोआप तयार होते:

श्रीयादवं भव्यभतोयदेवं संहारदामुक्तिमुतासुभूतम्

सीतेला सोडवणारा राम परतीच्या वाटेवर यादव होतो. हे एकदा बोट ठेवून करून बघाच. इथे काळ उलटत नाही, अक्षरं उलटतात, पण पुढे लागणारी सवय हीच: एकच मजकूर दोन दिशांनी वाचायचा आणि दोन्हीकडून अर्थ लागतो का ते तपासायचं.

पायरी ३: पांढऱ्या राणीपासून सुरुवात

पहिलं वाचन कादंबरीचं करू नका, एका प्रकरणाचं करा. ल्युइस कॅरलच्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' (१८७१) मधलं ॲलिस आणि पांढऱ्या राणीच्या भेटीचं प्रकरण. राणीचं आयुष्य उलटं चालतं. ती आधी बोटाला पट्टी बांधते, मग किंचाळते, मग रक्त येतं म्हणून सांगते, आणि सगळ्यांत शेवटी तिच्या शालीची पिन बोटात घुसते. पिन घुसते तेव्हा ती शांत असते, ओरडून आधीच झालेलं असतं ना!

त्याच भेटीतला दुसरा तुकडा जास्त महत्त्वाचा. राजाचा दूत तुरुंगात शिक्षा भोगतो आहे, त्याचा खटला पुढच्या बुधवारी सुरू होणार आहे आणि गुन्हा अर्थातच सगळ्यांत शेवटी घडणार. ॲलिस विचारते, त्याने गुन्हा केलाच नाही तर? राणी म्हणते, मग तर चांगलंच की. लहान मुलांच्या पुस्तकातला विनोद म्हणून हे वाचून हसता येतं, पण या एका संवादात या साहित्याचा गाभा आहे. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली की दोष कुणाचा आणि न्याय कशाला म्हणायचं, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. पुढची दीडशे वर्षं लेखक याच खाणीत खणत आहेत.

हे आवडलं तर कॅरलच्याच 'सिल्व्ही अँड ब्रूनो' (१८८९) मधला उलट्या घड्याळाचा प्रसंग शोधा. एक कुटुंब जेवायला बसतं, घास तोंडातून काट्यावर आणि काट्यावरून ताटात येतो, मग मटण स्वयंपाकघरात जाऊन हळूहळू कच्चं होतं. बाकीची कादंबरी सोडलीत तरी चालेल. फार पसरट आहे.

पायरी ४: बेंजामिन बटन, आणि एक वही

एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची ही कथा १९२२ची, एका बैठकीत वाचून होते. सिनेमा (२००८) पाहिला असेल तर तो आधी विसरा. सिनेमात जन्मतं ते बाळच, सुरकुतलेलं आणि सांध्यांना म्हातारपण आलेलं. मन मात्र बाळाचं. कथेत १८६० सालच्या बाल्टिमोरमध्ये मिस्टर बटन धावत हॉस्पिटलात जातात तर पाळण्यात अख्खा सत्तरीचा दाढीवाला म्हातारा पाय बाहेर टाकून बसलेला, आणि तो बापालाच प्रश्न विचारतो. म्हणजे कथेत शरीर आणि मन दोन्ही उलटी चालतात, सिनेमात फक्त शरीर. फरक छोटा वाटतो, पण त्याने सूरच बदलतो. सिनेमा हळवा होतो, आणि लांबतोही. मूळ कथा निर्दय विनोदी आहे: बापाला काळजी कशाची, तर लोक काय म्हणतील याची.

इथे कागदावर दोन रकाने करा. एकात साल आणि बेंजामिनचं खरं वय, दुसऱ्यात त्याचं दिसणारं वय. त्याचं लग्न कधी होतं, बायको नकोशी कधी होते, कॉलेजात तो फुटबॉल कधी गाजवतो, नातवाच्या वयाचा कधी होतो, हे समोरासमोर मांडलं की दिसतं की दोन रेषा फक्त मधे एकदा भेटतात. तेवढीच काही वर्षं त्याचं जगाशी जमतं. या प्रकारातल्या जवळजवळ प्रत्येक कथेत असा एक छेदबिंदू असतो. तो कुठे ठेवला आहे ते बघा, लेखकाला काय सांगायचं आहे ते तिथेच सापडतं.

पायरी ५: 'बिट्रेयल' दोनदा वाचा, दोन क्रमांनी

या लेखातली एकच पायरी करायची ठरवली असेल तर ही करा. नाटक १९७८चं, नऊ प्रवेशांचं, भाषा इतकी साधी की कोश उघडावा लागत नाही. एमा, तिचा प्रकाशक नवरा रॉबर्ट, आणि रॉबर्टचा जिवलग मित्र जेरी. एमा आणि जेरीचं प्रकरण सात वर्षं चालून संपलेलं आहे. पहिला प्रवेश १९७७ मधला, शेवटचा १९६८ मधला.

म्हणजे काय झालं हे तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग वाचायचं कशासाठी? कोणाला काय कधी माहीत होतं, यासाठी. पहिल्या प्रवेशात एमा जेरीला सांगते की काल रात्री मी रॉबर्टला आपल्याबद्दल सगळं सांगितलं. दुसऱ्या प्रवेशात जेरी घाबराघुबरा होऊन रॉबर्टला बोलावतो, तर रॉबर्ट शांतपणे म्हणतो, मला चार वर्षांपासून माहीत आहे. एमा खोटं बोलली, आणि ही चार वर्षं हे दोघे मित्र जेवायला भेटत होते! आता पुढे जे काही घडेल, म्हणजे आधी जे काही घडलं, ते सगळं या माहितीच्या उजेडात वाचावं लागतं.

कागदावर तीन रकाने: एमा, रॉबर्ट, जेरी. प्रत्येक प्रवेशात कोणाला काय ठाऊक आहे ते दोन शब्दांत लिहा. सातव्या प्रवेशापाशी आलात की थांबा. हॉटेलात दोघे मित्र जेवत आहेत. त्याआधी व्हेनिसमध्ये जेरीचं एमाला आलेलं पत्र रॉबर्टच्या हाती लागलेलं आहे. तो दारू पितो आणि आधुनिक कादंबऱ्यांवर तुटून पडतो. जेरीला वाटतं, याचं आज काहीतरी बिनसलंय. आपल्याला माहीत आहे काय बिनसलंय ते. रॉबर्ट मूळ विषयाबद्दल एक अक्षर काढत नाही. रंगमंचावर भांडण नाही की आरोप नाही, तरी अंगावर काटा येतो.

एक बारीक जागा नवख्यांच्या नजरेतून सुटते. नाटक सरसकट मागे जात नाही. १९७७चे दोन प्रवेश एकापाठोपाठ पुढे जातात आणि १९७३चे तीनही तसेच सरळ क्रमाने येतात. जिथे एक माणूस दुसऱ्यापासून काही लपवायला लागतो, तिथे पिंटरने काळाला सरळ चालू दिलं आहे. क्रम उलटा ठेवायचा हा त्याचा हट्ट नव्हता, जिथे गरज तिथेच तो वापरला.

आता दुसरं वाचन, सालाच्या क्रमाने: नववा, आठवा, मग पाचवा, सहावा, सातवा, मग चौथा, तिसरा, पहिला, दुसरा. तुमच्या लक्षात येईल की ही एक साधी, थोडी रटाळ भानगड आहे. 'पकडले जातील का?' एवढाच प्रश्न उरतो. छापील क्रमात शेवटी येतो तो १९६८चा पार्टीच्या रात्रीचा प्रवेश, प्यायलेला जेरी एमाला आपलं प्रेम सांगतो तो. सुरुवातीला वाचला तर तो रोमँटिक वाटतो. शेवटी वाचला तर तसा वाटत नाही.

जाता जाता: अमेरिकेतल्या 'साइनफेल्ड' मालिकेने १९९७ मध्ये एक अख्खा भाग असाच उलट्या क्रमाने केला, नावही 'द बिट्रेयल' ठेवलं, आणि त्यातलं लग्न भारतात लावलं. नवऱ्या मुलाचं नाव पिंटर! भारत अगदीच कचकड्याचा आहे, पण विनोद उलटा कसा बांधतात ते बघण्यासारखं आहे: आधी हशा, मग त्याचं कारण.

पायरी ६: कुठे गळतं ते शोधा

आता तिसऱ्या प्रकाराकडे, जिथे सगळं जग उलटं. एक गोष्ट आधीच मान्य करून टाका: शंभर टक्के उलटं पुस्तक वाचताच येणार नाही. संवाद उलटे म्हणजे आवाज उलटे, आणि मग कुणालाच काही कळायचं नाही. त्यामुळे प्रत्येक लेखक काहीतरी सरळ ठेवतो. काय सरळ ठेवलं ते शोधणं हा यातला खरा खेळ.

फिलिप के. डिकच्या 'काउंटर-क्लॉक वर्ल्ड' (१९६७) मध्ये मेलेली माणसं थडग्यात जागी होऊन हाका मारतात, भेटल्यावर लोक 'गुडबाय' म्हणतात, जेवण ही चारचौघांत न करायची गोष्ट झालेली आहे, आणि ग्रंथालयाचं काम आहे पुस्तकं नष्ट करणं. कल्पना एकाहून एक. पण माणसं सरळ चालतात, सरळ बोलतात, गाड्या पुढेच जातात. डिकने सोयीचं तेवढं उलटवलं आणि बाकीच्याकडे काणाडोळा केला. मला ही कादंबरी आवडते ती त्यातल्या ग्रंथालयासाठी, बांधणीसाठी नव्हे.

क्यूबाचे आलेहो कार्पेन्तिएर यांनी १९४४च्या एका कथेत यावर सुरेख तोड काढली. हवानातला एक जुना वाडा पाडला जातो आहे. मजूर घरी गेल्यावर एक म्हातारा काठी फिरवतो आणि फरशा उडून आपापल्या जागी बसतात. मग वाड्याच्या मालकाचं आयुष्य मृत्यूपासून जन्माकडे सरकतं. तो लहान होत जातो तशी घरातली टेबलं-खुर्च्या उंच होत जातात. सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा मात्र सरळ काळातला. सरळ चौकटीत उलटं चित्र बसवल्यामुळे वाचकाचा पाय जमिनीवर राहतो. स्पॅनिश नाव 'वियाहे आ ला सेमिया', इंग्रजी भाषांतर मिळतं, पानं थोडीच.

विज्ञान किती यायला हवं? इतकंच: पदार्थांच्या हालचालीचे मूळ नियम बहुतांशी दोन्ही दिशांना सारखेच लागू पडतात, पण अव्यवस्था वाढत जाते, ती आपणहून कमी होत नाही. फुटलेला कप आपोआप जुळत नाही. म्हणून काळाला दिशा आहे असं आपल्याला जाणवतं. 'काळाचा बाण' हा शब्दप्रयोग आर्थर एडिंग्टन यांच्या १९२८च्या पुस्तकातून रूढ झाला. यापलीकडचं काही या पुस्तकांना लागत नाही.

पायरी ७: आधी व्हॉनेगटचं एक पान, मग 'टाइम्स ॲरो'

मार्टिन एमिसची 'टाइम्स ॲरो' (१९९१) अवघड आहे म्हणून नव्हे, जड आहे म्हणून शेवटी ठेवली. तिच्याकडे जाण्याआधी कर्ट व्हॉनेगटच्या 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' (१९६९) मधलं एक पान वाचा. व्हॉनेगट स्वतः युद्धकैदी म्हणून जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये होते, फेब्रुवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यातून वाचले. कादंबरीचा नायक टीव्हीवरचा युद्धपट मनातल्या मनात उलटा पाहतो. भोकं पडलेली विमानं मागे उडतात, जळत्या शहरावर येऊन आग पोलादी नळकांड्यांत शोषून घेतात. नळकांडी कारखान्यात परत जातात, तिथे बायका ती उलगडून वेगळी करतात, आणि त्यातली खनिजं दूरच्या ठिकाणी जमिनीत पुरून ठेवली जातात. कुणाला इजा होऊ नये म्हणून. एवढंच. 'टाइम्स ॲरो'चं बीज याच पानात आहे. एमिसने तसं ऋण मान्यही केलं आहे.

एमिसच्या कादंबरीत अमेरिकेत एक म्हातारा डॉक्टर मरतो, आणि त्याच क्षणी त्याच्या आत एक निवेदक जागा होतो. त्याला वाटतं, आयुष्य असंच चालतं. सुरुवातीला त्याला ऐकू येणारे शब्दही उलटे आहेत, पण थोड्याच वेळात तो ते सरळ करून सांगायला लागतो (गळती इथे आहे, आणि लेखकाने ती लपवलेली नाही). हॉस्पिटलात धडधाकट माणसं येतात आणि डॉक्टर त्यांना जखमा करून पाठवतो, हे पाहून निवेदक हादरतो. मग काळ मागे जात जात ऑशविट्झच्या नाझी मृत्युछावणीला पोहोचतो. तिथे मात्र त्याला पहिल्यांदा सगळं सुसंगत वाटतं: धुरातून आणि राखेतून माणसं तयार होतात, त्यांना कपडे दिले जातात, कुटुंबं एकत्र आणली जातात, गाडीत बसवून घरी पाठवली जातात. डॉक्टर माणसं घडवतो आहे!

निवेदक कशाचाच खुलासा करत नाही. उलगडून सरळ करायचं काम आपलं, आणि ते करताना प्रत्येक ओळ पुन्हा आपल्याच मनात घडते. म्हणून ही कादंबरी उघडण्यापूर्वी त्या छावणीचा इतिहास थोडा तरी वाचलेला हवा: गाडीतून उतरल्यावर होणारी निवड, त्यातली डॉक्टरांची भूमिका. ते माहीत नसेल तर मधली प्रकरणं नुसती विचित्र वाटतील. आणि सलग वाचू नका. एका वेळी एक प्रकरण पुरे.

पायरी ८: पडद्यावर

फिल्म मागे फिरवायची गंमत सिनेमाइतकीच जुनी: ल्युमिएर बंधूंच्या १८९६च्या फितीत भिंत पाडतात, आणि फीत उलटी फिरवली की भिंत धुरळ्यातून उभी राहते. नवख्याने मात्र 'मेमेंटो' (२०००) पासून सुरुवात करावी. रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने, कृष्णधवल प्रसंग सरळ, आणि शेवटाजवळ दोन्ही भेटतात. नायकाला थोड्या वेळापूर्वीचं काही आठवत नाही, आणि या मांडणीमुळे आपल्यालाही ते ठाऊक नसतं. आपल्याकडच्या 'गजनी'ने स्मृतिभ्रंश घेतला, अंगावरचं गोंदण घेतलं, सूड घेतला. उलटा क्रम तेवढा सोडून दिला. दोन्ही ओळीने पाहा. मांडणी काढून घेतली की काय उरतं ते यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार नाही.

'टेनेट' (२०२०) सगळ्यांत शेवटी. मुंबईत चित्रित झालेले प्रसंग आणि डिंपल कपाडिया ओळखीच्या वाटतील, बाकी त्यात सरळ आणि उलटी माणसं एकाच खोलीत मारामारी करतात, त्यामुळे पायरी १चे तिन्ही प्रकार अपुरे पडतात. कागद घेऊन बसा, आणि पहिल्या वेळी संवादांच्या मागे लागू नका.

पायरी ९: स्वतः अर्धं पान लिहा

वाचून जे कळत नाही ते लिहून कळतं. चहापासून सुरू करा. 'रिकामा कप ओठाला लावला. घोटाघोटाने तो भरत गेला आणि गरम होत गेला. भरलेला कप गाळण्याखाली धरताच चहा धार होऊन वर चढला, गाळण्यातला चोथा सोबत घेऊन पातेल्यात शिरला. उकळी थंडावली, दूध वेगळं होऊन पिशवीत गेलं, आणि साखर दाणा दाणा करून चमच्यावर जमली.' असं.

आधी ठरवा: सांगणाऱ्याला हे उलटं आहे हे ठाऊक आहे का? नसेल तर त्याला कशाचंही आश्चर्य वाटता कामा नये. संवाद आलाच तर प्रत्येक वाक्य सरळ ठेवा, पण उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. चहा जमला की घरातलं एखादं छोटं भांडण घ्या: अबोल्यापासून सुरू करा आणि ज्या फालतू वाक्यावरून ठिणगी पडली ते शेवटच्या ओळीला ठेवा. लिहून झालं की दुसऱ्या कुणाला तरी शेवटच्या ओळीपासून वर वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे तुमची एक कडी निसटलेली आहे. ती भरा आणि पुन्हा वाचायला द्या.